गाव न सोडणारी विद्या

परभणीच्या माणसाला 'तुम्ही कुठले?' असं विचारलं, तर तो नुसतं गावाचं नाव सांगून थांबत नाही. 'जगात जर्मनी, देशात परभणी' हे शेपूट जोडल्याशिवाय त्याचं समाधान होत नाही. या म्हणीचा उगम सांगणाऱ्या कथा पुष्कळ आहेत आणि प्रत्येक जण आपलीच खरी म्हणून सांगतो. गंमत अशी, की २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्र सरकारनं खरोखरच जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी एक करार केला. आपल्याकडची दहा हजार कुशल माणसं तिकडे पाठवायची, असं ठरलं. त्यात सुतार, वीजतंत्री, वाहनचालक होतेच, पण सर्वांत आधी डोळ्यांत भरत होत्या त्या परिचारिका.

जर्मनीत परिचारिका घडते कशी, हे बघण्यासारखं आहे. २०२० पासून लागू झालेल्या तिथल्या कायद्यानुसार तीन वर्षांच्या शिक्षणात किमान २,१०० तास वर्गात जातात आणि २,५०० तास प्रत्यक्ष रुग्णांजवळ. म्हणजे वर्गापेक्षा वॉर्डच जास्त. विद्यार्थिनीचा करार रुग्णालयाशी किंवा शुश्रूषागृहाशी असतो आणि शिकत असतानाही तिला दरमहा पगार मिळतो. आपल्या नर्सिंग कॉलेजच्या मुली फी भरून वॉर्डात राबतात, हे आठवलं की जरा ओशाळायला होतं.

परभणीची एखादी सिस्टर तिकडे गेली, भाषा शिकली, चार पैसे घरी पाठवू लागली, तर कुणाला वाईट वाटेल? प्रश्न मागे उरणाऱ्या परभणीचा आहे. ज्याला शिकवावं तो निघून जातो आणि जो गावात राहतो त्याला कुणी शिकवत नाही, हे ग्रामीण आरोग्याचं जुनं दुखणं आहे. जगभरच्या तज्ज्ञांनी त्यावर हजारो पानं लिहिली. पण त्यातली दोन सर्वांत धाडसी उत्तरं मराठी मुलखात, खाटल्यावर बसलेल्या बायांच्या हातून लिहिली गेली. ती कशी, हे समजून घेताना आजही माणूस चकित होतो.

त्याआधी परभणी शहरातच काय घडतंय ते पाहू. २०२३ साली इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, शंभर जागांचं. त्यासाठी परभणीकर रस्त्यावर उतरले होते. जिल्हा रुग्णालयालाच महाविद्यालय जोडायचं, अशी ही सुरुवात. वरवर पाहिलं तर हा कागदोपत्री बदल. पाटी बदलली, डीन आले, मुलं आली. पण रुग्णालयात विद्यार्थी शिरला की आतून बरंच काही हलतं.

साध्या रुग्णालयात डॉक्टर रुग्ण तपासतो, चिठ्ठी लिहितो आणि पुढच्याला बोलावतो. ओपीडीची रांग दारापर्यंत गेलेली असताना तो दुसरं करणार तरी काय? पण पाठीमागे आठ-दहा पांढरे कोट उभे असले, की त्याला 'का' सांगावं लागतं. हा ताप टायफॉइडचा का, डेंग्यूचा का नाही? सांगायचं तर आधी स्वतःला पटवावं लागतं, आणि पटवायचं तर तपासणी करावी लागते. ती करायची तर प्रयोगशाळा हवी. अभ्यासक्रमाला सूक्ष्मजीवशास्त्र लागतं, विकृतिशास्त्र लागतं, भूलशास्त्र लागतं. तपासणीला येणाऱ्या वैद्यकीय आयोगाला ते विभाग चालू स्थितीत दाखवावे लागतात. म्हणजे विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी जी माणसं आणि जी यंत्रं येतात, ती त्याच छपराखाली पडलेल्या रुग्णाच्याही कामी येतात. 'नांदेडला घेऊन जा', 'संभाजीनगरला हलवा' ही वाक्यं परभणीच्या कित्येक पिढ्यांनी रात्री-अपरात्री ऐकली आहेत. ती एका दिवसात थांबणार नाहीत. पण ती कमी होण्याची वाट विद्यार्थ्याच्या वहीतून जाते, ही मला मोठी नवलाची गोष्ट वाटते.

आणखी एक जुनी जखम इथे आहे. पूर्वी राज्यात प्रवेशाचं ७०:३० चं सूत्र होतं. ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना, उरलेल्या ३० टक्के बाहेरच्यांना. कागदावर न्याय्य वाटणारं हे सूत्र मराठवाड्याला मात्र जाचायचं, कारण मराठवाड्यात महाविद्यालयंच मोजकी. जागा कमी, म्हणून त्यातले ७० टक्केही कमीच. सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झालं. त्यानंतर तीन वर्षांनी परभणीला स्वतःचं महाविद्यालय मिळालं, हा काळाचा योग.

आता नियमच असे झालेत, की वैद्यकीय विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यावी लागतात. त्यानं वेळोवेळी तिथे जायचं, रक्तदाब मोजायचा, लहानग्यांचं वजन पाहायचं, घरात पाणी कुठून येतं ते विचारायचं. शेवटी इंटर्नशिपमध्येही काही आठवडे गावाकडच्या केंद्रात काढावे लागतात. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांना तर तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणं बंधनकारक आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत हे पूर्वीपासून चालत आलंय. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी ही संस्था काढली. तिथे नवी मुलं आधी आश्रमात राहून झाडलोट आणि सूतकताई करतात, आणि मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. शरीररचनेच्या पुस्तकाआधी हातात खराटा! अनेकांना ते नाटक वाटतं. मला वाटत नाही. ज्या डॉक्टरनं गावातल्या घराचा उंबरा एकदाही ओलांडलेला नाही, तो 'पाणी उकळून प्या' असं लिहून देतो, पण त्या घरात सरपण किती आहे हे त्याच्या मनातही येत नाही.

तरी मूळ प्रश्न जागच्या जागी आहे. परभणीतून पहिली शंभर मुलं २०२८-२९ च्या सुमारास डॉक्टर होऊन बाहेर पडतील. त्यातली किती पालम, सोनपेठ, जिंतूरच्या ग्रामीण रुग्णालयात थांबतील? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० साली दुर्गम भागात आरोग्यसेवक कसे टिकवावेत याच्या शिफारशी केल्या आणि २०२१ मध्ये त्या सुधारल्या. त्यातली पहिल्या क्रमांकाची शिफारस म्हणजे ग्रामीण भागात वाढलेली मुलंच शिकायला घ्या, कारण तीच परत जाण्याची शक्यता जास्त असते. साधी गोष्ट आहे. पण ती सांगायला जिनीव्हातल्या संघटनेची वाट बघायची गरज नव्हती. बीड ओलांडलं की लागणाऱ्या जामखेडात ती चाळीस वर्षं आधीच करून दाखवली गेली होती, आणि तीही याहून कितीतरी पुढे जाऊन.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. आधी त्यांनी नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केलं. तिथे त्यांच्या लक्षात आलं, की आपण ज्यांना बरं करून पाठवतो तीच माणसं काही महिन्यांनी त्याच आजारानं परत येतात. रुग्णालय कितीही उत्तम चालवलं, तरी आजार तयार होतो तो गावात. मग ते अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० साली जामखेडला आले.

सुरुवातीची त्यांची कल्पना कुणालाही सुचेल अशीच होती. शिकलेल्या नर्सबाई गावोगाव नेमायच्या, म्हणजे काम होईल. ते जमलं नाही. बाहेरून आलेली तरुण एकटी मुलगी गावात कुणाच्या भरवशावर राहणार? तिचं म्हणणं सासूनं का ऐकावं? ती सकाळी यायची आणि संध्याकाळच्या एसटीनं निघून जायची, आणि बाळंतपणं तर बहुधा रात्रीच अडतात. अखेर गावकऱ्यांशी बोलण्यातून वेगळाच विचार पुढे आला. गावानंच आपल्यातली एक बाई निवडायची, आणि तिला शिकवायचं. निवडल्या गेलेल्या बायका बहुतेक निरक्षर. कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली, कुणी ज्यांच्या हातचं पाणी वरच्या आळीत चालत नसे अशा घरातली.

अशा बाईला वैद्यक शिकवायचं म्हणजे काय करायचं? इथे खरी कमाल आहे. पुस्तक नाही, वही नाही, परीक्षा नाही. आठवड्यातून एकदा या बायका जामखेडच्या केंद्रात येत आणि मुक्कामाला राहत. एका वेळी एकच विषय. जुलाब असेल तर फक्त जुलाब. चित्रं दाखवायची, गाणी रचायची, एकीनं दुसरीला समजावून सांगायचं. सांगता आलं नाही तर कळलेलं नाही, हीच परीक्षा. गावी गेल्यावर आठवडाभर तेच करायचं आणि पुढच्या खेपेला 'काय झालं?' ते सगळ्यांसमोर मांडायचं. एखादीचं मूल वाचलं नाही, तर ते का वाचलं नाही यावर बोलायचं. मोठ्या रुग्णालयांतले विशेषज्ञ आठवड्याच्या बैठकीत जे करतात तेच हे, फक्त जमिनीवर सतरंजी टाकून.

आणि रात्री? अनेक पांघरुणं एकत्र शिवून केलेल्या एकाच मोठ्या पांघरुणाखाली सगळ्या झोपत. मराठा, महार, मांग, ब्राह्मण असा भेद ठेवायचा म्हटलं तर पांघरूणच फाडावं लागेल! जातीवर व्याख्यान देण्यापेक्षा हा उपाय कितीतरी जालीम. त्यामागे व्यवहारही होता. जी बाई दलित वस्तीतल्या बाळंतिणीच्या खाटेला हात लावायला कचरेल, ती अख्ख्या गावाची आरोग्यसेविका होऊच शकत नाही. वैद्यकीय शिक्षणाचा पहिला धडा शिवाशिवीचा असावा, हे वेल्लोर किंवा जॉन्स हॉपकिन्सच्या अभ्यासक्रमात नव्हतं. तो जामखेडनं स्वतः लिहिला.

आकडे बघावे लागतीलच. १९७१ साली या प्रकल्पाच्या गावांत दर हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला आणि पुढेही उतरत गेला. हे सगळं त्या बायांनी एकट्यानं केलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. कूपनलिका खणल्या गेल्या, १९७२ च्या दुष्काळात पोरांसाठी अन्नाची सोय झाली, शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं उभी राहिली. पण विहीर कुठे खणायची, कुणाच्या घरी मूल वाळत चाललंय, कुणाचा पाय चौथ्या महिन्यापासूनच सुजलाय, ही बातमी रुग्णालयापर्यंत पोचवायला गावात कुणीतरी असावं लागतं. ती बातमी रुग्णालयाला याआधी कधीच वेळेत मिळाली नव्हती.

या सेविकांपैकी मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनला एका आरोग्य परिषदेत बोलायला गेल्या. सभागृहातल्या झगमगत्या दिव्यांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, की हे दिवे सुंदर आहेत पण महाग आहेत. मी साधी पणती आहे, पण माझ्यावरून दुसरी पणती लावता येते. डॉक्टर आणि आरोग्यसेविका यांच्यातला फरक मी आजवर याहून नेमका ऐकलेला नाही. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याआधी, १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं जगभरातल्या अशा प्रयोगांवर जे पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर एक प्रकरण होतं. तीन वर्षांनी अल्मा-आटाच्या परिषदेत प्राथमिक आरोग्य सेवेचा जाहीरनामा निघाला, तेव्हा त्यामागच्या उदाहरणांत हे दुष्काळी गावही होतं.

याच काळात महाराष्ट्रात इतरत्रही अशीच धडपड चालू होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी वढू बुद्रुकच्या परिसरात गावातल्या मुलींना आणि बायांना तयार केलं. डॉ. नोशीर अंतिया या नावाजलेल्या प्लास्टिक सर्जननं अलिबागजवळच्या मांडव्याला तेच केलं. या सगळ्याकडे पाहून केंद्र सरकारनं १९७७ साली देशभर गावोगाव आरोग्यसेवक नेमण्याची योजना काढली. आणि ती फसली. कशी? निवड गावानं करायच्या ऐवजी पुढाऱ्यांनी केली, आणि नेमले गेले ते बहुतेक पुरुष. बाळंतिणीच्या खोलीत त्यांना शिरताच येत नव्हतं. प्रशिक्षण एकदाच, आठवड्याची बैठक नाही, मागे रुग्णालय नाही. साचा उचलला, पण आतलं मर्म जामखेडलाच राहिलं. सरकारी योजनांच्या बाबतीत हे आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे, की त्यावर रागावण्यातही आता अर्थ उरलेला नाही.

दुसरं उत्तर गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्यांच्यासमोरचा प्रश्न नेमका होता. जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत जी बाळं जातात, त्यांना वाचवायचं कसं? बालरोगतज्ज्ञांचं उत्तर ठरलेलं होतं, की काचेच्या पेटीतच. पण बाळ घरात जन्मतं, आणि पहिले काही दिवस त्याला घराबाहेर काढायची रीतच नाही. मग पेटी घरी नेता येत नसेल तर पेटी चालवणारीचं ज्ञान घरी नेता येईल का?

त्यासाठी त्यांनी गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केलं. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास झाले तर धोका. मोठ्या बाळासाठी हीच सीमा पन्नासची. आता साठपर्यंत न चुकता मोजत राहणं, तेही रडणाऱ्या बाळाच्या पोटाकडे बघत, हे कमी शिकलेल्या बाईला सोपं नाही. शिकलेल्यालाही नाही, एकदा करून पाहा. त्यावर बंगांनी एक साधन बनवलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ, आणि तारेत ओवलेल्या मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्या बाळांसाठी आणि एक थोड्या मोठ्यांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. बस्स, दहापर्यंत मोजता आलं की झालं. वाळू संपायच्या आत शेवटच्या मण्यापर्यंत बोट पोचलं तर न्यूमोनिया, औषध सुरू करायचं. गणिताचा अडसर निघून गेला आणि निदान तेवढं उरलं.

जंतुसंसर्ग ओळखायची रीत तर त्याहून विलक्षण. रक्ताची तपासणी गावात होणार नाही हे गृहीत धरून काही लक्षणं ठरवली. आधी नीट चोखणारं बाळ आता चोखत नाही. आधी जोरात रडणारं आता बारीक रडतं. हातपाय लुळे पडलेत. पोट फुगलंय. छाती आत ओढली जातेय. बेंबीत पू आहे. आणि आई म्हणतेय, की बाळ हाताला गार लागतं. यातली दोन एकदम दिसली की उपचार. 'आई म्हणतेय' हे वाक्य निदानाच्या निकषात बसलेलं तुम्ही दुसरीकडे कुठे पाहिलंय? ज्या बाईला वॉर्डात 'बाजूला व्हा' म्हणून सांगतात, तिच्या तळव्याला इथे थर्मामीटरइतकी किंमत आहे. पण हे निकष चालवायचे तर बाळ आधी कसं रडत होतं हे ठाऊक असलेलं माणूस लागतं. तिसऱ्या दिवशी येऊन गेलेली आणि सातव्या दिवशी परत आलेली बाईच ते सांगू शकते. फिरत्या डॉक्टरला ते कधीच कळणार नाही, त्याची पदवी कितीही मोठी असो.

आरोग्यदूतांना जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायलाही शिकवलं होतं. त्यावर डॉक्टरमंडळी चांगलीच बिथरली. आठवी पास बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार? ३९ गावांत हे काम झालं आणि तुलनेसाठी ४७ गावं तशीच ठेवली. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्यूचं प्रमाण दर हजारी साधारण २५ होतं, आणि तुलनेच्या गावांत ६० च्या आसपास. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं हा निबंध छापला. त्यानंतर विरोधाचा आवाज बराच खाली आला.

हे सगळं आज परभणीच्या कुठल्याही खेड्यात बघायला मिळतं, फक्त आपण बघत नाही. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' कार्यकर्त्या आल्या. साधारण हजार वस्तीला एक, गावातलीच, बहुतेक लग्न होऊन त्याच गावी आलेली बाई. लेकीपेक्षा सून गावात टिकते, हा हिशेब सरकारनं पहिल्यांदा नीट केला. २०११ मध्ये गडचिरोलीची घरभेटींची रीत देशभरातल्या आशांच्या कामात आली. समजा, जिंतूरच्या डोंगराकडच्या एखाद्या तांड्यावरची बाळंतीण दवाखान्यातून बाळ घेऊन परतली. आशाताई तिच्याकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही. ती आधी हात धुते. बाळाला झोळीच्या काट्यात ठेवून वजन करते. काखेत थर्मामीटर लावते. घड्याळ समोर धरून उघड्या पोटाकडे बघत श्वास मोजते. पाजायला बसवून बाळ कसं चोखतं ते बघते. सासू मध्ये काही बोलली तर तिचंही ऐकून घेते, कारण बाळाला अंघोळ कधी घालायची हे अजून सासूच ठरवते. मग कागद भरते. या सगळ्या भेटींचे मिळून तिला अडीचशे रुपये मिळतात.

या अडीचशे रुपयांवर थांबायला हवं. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. सरकार दरबारी मात्र त्या अजून 'स्वयंसेविका'. महाराष्ट्रात मानधनवाढीसाठी त्यांना वारंवार संपावर जावं लागलं, मुंबईत आझाद मैदानात मुक्काम ठोकावा लागला. गावात न्यूमोनिया ओळखणाऱ्या बाईला आपण कामगार म्हणायला तयार नाही, आणि तिकडे जर्मनी शिकाऊ मुलीलाही पगार देतं.

आशाच्या शिक्षणाची साखळी कशी चालते, हेही बघा. पहिल्या वर्षी टप्प्याटप्प्यानं तेवीस दिवसांचं प्रशिक्षण. नंतर प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्याची बैठक. वीसेक आशांमागे एक गटप्रवर्तक, ती सोबत फिरून चुका दाखवते. उपकेंद्रात आरोग्यसेविका, वर वैद्यकीय अधिकारी, त्यावर ग्रामीण रुग्णालय, त्यावर जिल्हा रुग्णालय. कागदावर सुरेख. पण साखळी कुठे तुटते ते विचारायचं असेल तर आशालाच विचारा. ती बाळाला घेऊन रात्री दवाखान्यात जाते आणि ड्युटीवरचा माणूस तिच्याकडे न बघता नातेवाइकांना विचारतो, 'काय झालं?' तिला सगळं माहीत असतं. वजन किती, श्वास किती, कधीपासून पीत नाही. तिला कुणी विचारत नाही. दुसऱ्या खेपेला नातेवाईकही तिला सोबत घेत नाहीत, थेट खाजगी दवाखाना गाठतात. आरोळ्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. सेविकेनं पाठवलेल्या रुग्णाकडे रुग्णालयानं लक्ष दिलं नाही, तर गावात तिचा शब्द संपतो, आणि तिच्यावर केलेलं सगळं शिक्षण त्या एका रात्रीत वाया जातं.

म्हणून मला वाटतं, परभणीच्या नव्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांनी दत्तक कुटुंबाकडे जाताना सोबत त्या गावच्या आशाताईला घ्यावं, आणि आधी तिला विचारावं. एकोणीस वर्षांच्या मुलाला शरीरातली हाडं पाठ असतात. कुठल्या घरात मूल वाळतंय हे त्याला तीच सांगू शकते. पाच वर्षांनी हाच मुलगा आकस्मिक विभागात रात्रपाळीला असेल. दारात उभी राहिलेली बाई त्याच्या ओळखीची असेल, तर तो प्रश्न तिला विचारेल.

मात्र या सगळ्या रचनेत एक गृहीतक आहे, की गाव जागेवर असतं. परभणीत ते नेहमीच खरं नसतं. दसरा-दिवाळीनंतर गंगाखेड, पालम, सोनपेठकडची कित्येक घरं कुलूपबंद होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, कोयते, पोरं, शेळ्या, सगळं ट्रॅक्टरवर चढून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातं. आशा गावात राहते आणि तिची बाळंतीण तीन-चारशे किलोमीटरवर पाचटाच्या कोपीत असते. बेचाळीस दिवसांच्या भेटी कागदावर कोऱ्याच राहतात. तिथल्या फडाजवळच्या गावातली आशा तिला ओळखत नाही, आणि ती बाई तरी तिथे किती दिवस? फड संपला की टोळी पुढे.

शेजारच्या बीड जिल्ह्यात यावर एक उपाय करून पाहिला गेला. टोळीतल्याच एका बाईला निघण्याआधी शिकवायचं, प्राथमिक औषधांची पेटी तिच्याकडे द्यायची आणि तिला 'आरोग्य साथी' नेमायचं. ती उसाच्या फडात असते, कोपीत झोपते, रात्री दोन वाजता गाडी भरायलाही तीच असते. कुणाला कळा सुरू झाल्या तर ते तिला सर्वांच्या आधी कळतं. आता परभणीतही टोळ्या निघायच्या आधीच्या पंधरा दिवसांत हे शिक्षण कुठे द्यायचं, आणि फडावरून तिचा फोन आला तर तो कोणत्या रुग्णालयानं उचलायचा, एवढं ठरवायला हवं.